अडनिड्या वयाचं तिकीट

२०२३ च्या ऑगस्टमधला, स्वातंत्र्यदिनाच्या आधीचा रविवार. आमच्या शहरातल्या मल्टिप्लेक्समध्ये तोबा गर्दी. ११ तारखेला 'गदर २' आणि 'ओएमजी २' हे दोन मोठे हिंदी सिनेमे एकाच दिवशी लागले होते आणि इथे दोन्हींची दारं शेजारी शेजारी होती. मी 'ओएमजी २'च्या रांगेत उभी होते. माझ्या पुढे एक बाई आणि त्यांचा मुलगा. मुलगा आमच्याच शाळेतून त्या वर्षी दहावी झालेला, नुकता अकरावीला गेलेला, वय सोळा. मला पाहून ओशाळला, कसाबसा नमस्कार केला आणि आईच्या पलीकडे सरकला. दारावरच्या पोराने तिकिटं हातात घेतली, मुलाकडे पाहिलं आणि म्हणाला, "ताई, याचं आधार कार्ड दाखवा."

कार्ड दाखवलं.

"अठरा पूर्ण नाहीत. सोडता येणार नाही."

"अहो, मी आई आहे त्याची. मुद्दाम घेऊन आलेय."

"ताई, 'ए' सर्टिफिकेट आहे. आत घेतलं तर आमच्यावर येतं."

तो खरंच बोलत होता. 'ए' सिनेमाला अठराच्या आतल्याला बसवलं तर कायद्याने गुन्हा थिएटरवाल्याचा. तेवढ्यात शेजारच्या दारातून एक गृहस्थ पाच-सहा वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन 'गदर २' ला आत गेले. मुलाच्या हातात पॉपकॉर्न. त्या सिनेमाला 'यूए' होतं, म्हणजे लहानांनी पालकांच्या सल्ल्याने पाहावा असं प्रमाणपत्र, त्यामुळे त्यांना कोणी काही विचारायचा प्रश्नच नव्हता. मायलेक सरकत्या जिन्याने खाली गेले.

मी एकटीच आत जाऊन बसले. सिनेमा बरा की वाईट हा इथे मुद्दा नाही. विषय मात्र सांगायला हवा. एका शाळकरी मुलाचा हस्तमैथुनाचा व्हिडिओ पसरतो, शाळा त्याला काढून टाकते, सगळं गाव त्याला छळतं, आणि बाप शाळेला कोर्टात खेचतो: तुम्ही माझ्या मुलाला लैंगिक शिक्षण का दिलं नाहीत? म्हणजे सिनेमातला मुलगा ज्या वयाचा, त्या वयाच्या मुलालाच तो पाहायची बंदी. सेन्सॉर बोर्डाने आधी त्यात बरेच बदल करायला लावले आणि एवढं करूनही 'ए' दिलं.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात 'सजीवांतील जीवनप्रक्रिया' या पाठात मानवी प्रजनन आहे. आकृत्या आहेत, ऋतुचक्र आहे, जुळ्यांची माहिती आहे. कित्येक ठिकाणी हा पाठ "घरी वाचून या" म्हणून सोडून दिला जातो, हे शिक्षकांना सांगायला नको. मी तो शिकवायच्या आधी आठवडाभर वर्गात बुटाचं एक खोकं ठेवते. झाकणाला चीर पाडलेली असते. चिठ्ठीवर नाव घालायचं नाही. त्या खोक्यातून दरवर्षी निघणाऱ्या चिठ्ठ्यांवरूनच मला या प्रमाणपत्रांच्या गोंधळाबद्दल लिहावंसं वाटलं. त्यांतली एक चिठ्ठी पुढे येईलच.

आधी कायद्याचं बोलू. आपल्याकडे १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार वर्षानुवर्षं दोनच खण होते: सगळ्यांसाठी 'यू' आणि प्रौढांसाठी 'ए'. १९८३ मध्ये त्यात 'यूए' आणि ठरावीक वर्गासाठीचं 'एस' आलं. त्याच वर्षी बोर्डाच्या नावातला 'सेन्सॉर' हा शब्द जाऊन 'प्रमाणन' हा शब्द आला. आपण सगळे अजून सेन्सॉर बोर्डच म्हणतो, आणि त्याला कारण आहे. 'यूए' म्हणजे बाराच्या आतल्यांनी आईवडिलांच्या सल्ल्याने पाहावा. बारा ते अठरा या सहा वर्षांसाठी वेगळं काहीच नव्हतं. मराठीत या वयाला अडनिडं वय म्हणतात. आवाज फुटतो, पाळी सुरू होते, आरशासमोरचा वेळ वाढतो, घरात बोलणं कमी होतं. भाषेने या वयाला नाव दिलं. कायद्याला मात्र ते दिसायला सत्तर वर्षं लागली.

२०१६ मध्ये दिग्दर्शक श्याम बेनेगल यांच्या सरकारी समितीने यूए १२+ आणि यूए १५+ अशा पायऱ्या सुचवल्या होत्या. प्रत्यक्षात आल्या त्या थोड्या वेगळ्या. ३१ जुलै २०२३ रोजी लोकसभेने दुरुस्ती मंजूर केली, ४ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली, आणि 'यूए'चे तीन भाग झाले: ७+, १३+, १६+. तारखा पाहा. 'ओएमजी २' लागला त्याच्या बरोबर एक आठवडा आधी ही सही झाली. सोळा वर्षांच्या मुलासाठीचा खण कागदावर होता, पण अंमलात नव्हता. नियम यायला २०२४ उजाडलं.

मला वाटलं होतं, आता प्रश्न सुटला. सुटला नाही. जुलै २०२५ मध्ये 'सुपरमॅन' आला. त्याला यूए १३+ मिळालं, आणि त्याच्यातलं तेहतीस सेकंदांचं एक चुंबनही कापलं गेलं. दोन प्रौढ माणसं, दोघांच्याही राजीखुशीने, अंगावर सगळे कपडे असताना घेतलेलं चुंबन. २०१५ मध्ये 'स्पेक्टर' या बाँडपटातली चुंबनं निम्म्यावर आणली होती, तेव्हा लोक म्हणाले की आपल्याकडे मधली पायरीच नाही, काय करणार. आता पायऱ्या तीन आहेत. चुंबन तेराच्या पायरीवर चालत नसेल तर सिनेमा सोळाच्या पायरीवर ठेवा. पायरी आहे तर कात्री कशाला?

याचं उत्तर त्याच दुरुस्तीतल्या एका कलमात आहे. ७+, १३+, १६+ या खुणा फक्त आईवडिलांच्या किंवा पालकांच्या माहितीसाठी आहेत आणि त्या पाळायला लावण्याचा अधिकार त्यांच्याशिवाय कोणालाही नाही, असं कायदाच म्हणतो. म्हणजे यूए १६+ लिहिलेल्या सिनेमाला सहा वर्षांचं पोर आलं तर दारावरचा माणूस त्याला अडवू शकत नाही. ते पोर बापाच्या कडेवर असलं काय आणि मोठ्या भावाबरोबर आलं काय, सारखंच.

बोर्डाच्या तपासणी समितीत बसलेल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. पडद्यावर प्रणयाचा एक प्रसंग आहे. सोळा-सतराच्या मुलांनी पाहायला काहीच हरकत नाही, असं त्याला स्वतःला वाटतंय. पण त्याला हेही ठाऊक आहे की १६+ लिहिलं तरी थिएटरात सहा वर्षांचा मुलगा बसलेला असणार. तो दोनच गोष्टी करू शकतो: प्रसंग कापायला सांगायचा, नाहीतर 'ए' देऊन सगळ्याच मुलांना बाहेर काढायचं. दोन्हीकडून मार खातो तो सोळा वर्षांचाच. एकदा त्याला लहान मुलाला शोभेल असा सिनेमा मिळतो, एकदा काहीच मिळत नाही.

'ओपनहायमर'चं तेच झालं. अमेरिकेत त्याला 'आर' होतं, म्हणजे सतराच्या आतल्यांना पालकाशिवाय प्रवेश नाही. ब्रिटनमध्ये १५. भारतात एका अभिनेत्रीच्या उघड्या अंगावर संगणकाने काळा पोशाख चढवला गेला आणि सिनेमा 'यूए' झाला. तीन तासांचा सिनेमा: अणुबॉम्ब, राजकारण, विवाहबाह्य संबंध, एका बाईचा मृत्यू. अंग झाकलं म्हणून तो आठ वर्षांच्या मुलालाही योग्य ठरला! प्रमाणपत्र ठरवताना आपण गोष्टीचं वय मोजतच नाही, कातडी मोजतो.

निर्मात्यांना मी फारसा दोष देत नाही. 'ए' मिळालं की कुटुंबाचा प्रेक्षक गेला, आणि 'ए' सिनेमा तसाच्या तसा टीव्हीवर दाखवता येत नाही, म्हणजे तिथलेही पैसे अडकले. बोर्डाचा निर्णय पटला नाही तर दाद मागायला पूर्वी एक अपील न्यायाधिकरण होतं. ते २०२१ मध्ये बंद केलं. आता थेट उच्च न्यायालय. पोस्टर लागलेली, तारीख जाहीर झालेली, थिएटरं ठरलेली, अशा वेळी कोण कोर्टाची पायरी चढेल? "कापा, पण यूए द्या" हेच शहाणपण ठरतं. मोठ्या स्टुडिओला एवढा हिशोब करावा लागतो, तर दोन-अडीच कोटींत मराठी सिनेमा करणाऱ्याने काय करावं?

म्हणून माझं म्हणणं असं: १६+ ही खूण सल्ला म्हणून न ठेवता बंधनकारक करा. सोळाच्या आतल्याला प्रवेश नाही, आई असली तरी नाही, बाप असला तरी नाही. ७+ आणि १३+ खुशाल पालकांवर सोडा, तिथे ते योग्यच आहे. आणि १६+ ला दात आले की त्याच्या बदल्यात बोर्डाकडून कात्री काढून घ्या. सोळाच्या वरचा सिनेमा कापायचा नाही. तो एक तर १६+ मध्ये बसेल किंवा 'ए' मध्ये जाईल.

हे ऐकून माझ्या काही सहकारी बाई मला म्हणाल्या की तू तर बंदी वाढवायला निघालीस. हो, एका बाजूने वाढवतेय. चौदा वर्षांच्या मुलीची आई म्हणाली असती की माझी मुलगी समजूतदार आहे, तिला मी हा सिनेमा दाखवणार, तर तिला मी अडवेन. हे कबूल करायला मला जड जातं, कारण पालकांवर विश्वास ठेवावा या मताची मी आहे. पण पालकांच्या नावाखाली आज जे चालतं ते विश्वासाचं नाही, सोयीचं आहे. मूल घरी कोणाकडे ठेवायचं, म्हणून ते सिनेमाला येतं. ब्रिटनमध्ये १५ चं प्रमाणपत्र असलेल्या सिनेमाला चौदाचं मूल आईबरोबरही जाऊ शकत नाही. हे बंधन पक्कं आहे, म्हणूनच तिथलं बोर्ड पंधराच्या मुलाला बरंच काही पाहू देतं. शिवाय ते दर चार-पाच वर्षांनी लोकांना विचारतं. २०२४ च्या नियमावलीआधी त्यांनी बारा हजारांच्या आसपास लोकांची मतं घेतली, आणि लोकांच्या सांगण्यावरून लैंगिक प्रसंगांच्या बाबतीत नियम थोडे कडकही केले. विचारलं म्हणजे सैलच होतं असं नाही. आपल्या बोर्डाची मार्गदर्शक तत्त्वं ६ डिसेंबर १९९१ ची आहेत. तेव्हा माझ्या आजच्या विद्यार्थ्यांचे आईवडील शाळेत होते.

त्या १९९१ च्या तत्त्वांत असभ्यता आणि अश्लीलता नको असं आहे, तसंच स्त्रियांना कमी लेखणारी दृश्यं नकोत असंही स्पष्ट म्हटलेलं आहे. आता खोक्यातली चिठ्ठी वाचते. गेल्या वर्षी निघालेली, निळ्या शाईची, अक्षर गोलसर:

"सिनेमात मुलगी नाही म्हणते पण मुलगा मागे लागतो आणि शेवटी ती हो म्हणते. खरंच असं होतं का? किती दिवस मागे लागायचं असतं?"

"किती दिवस" या दोन शब्दांवर मी थांबले. त्या मुलाला, किंवा मुलीला, खोडी काढायची नव्हती. त्याला हिशोब समजून घ्यायचा होता. तो त्याला शिकवला कोणी? 'ए' सिनेमाने नाही, तो त्याने पाहिलेलाच नाही. त्याला हे शिकवलं 'यू' आणि 'यूए' सिनेमांनी. मुलीच्या कॉलेजबाहेर उभं राहायचं, तिची ओढणी पकडायची, तिच्या घरासमोर गाणं म्हणायचं, मित्रांनी टाळ्या द्यायच्या, आणि मध्यंतरानंतर ती हसायची. असे सिनेमे आपण लहानपणापासून आजीआजोबांसोबत बसून पाहिलेत. कातडी कुठे दिसली नाही, म्हणून कात्री कुठे लागली नाही.

आणि ज्या सिनेमात दोन माणसं एकमेकांना विचारून जवळ येतात, थांब म्हटलं की थांबतात, तो प्रौढांसाठी राखीव. सोळा वर्षांच्या मुलाने पडद्यावर एकदा तरी पाहायला हवं असं काही असेल, तर हे "थांब म्हटलं की थांबणं". ते पाहायला त्याला अठरापर्यंत ताटकळत ठेवायचं आणि तोवर "किती दिवस मागे लागायचं" हे शिकू द्यायचं, ही व्यवस्था मला शिक्षक म्हणून भयानक वाटते. हा शब्द मी विचार करून वापरतेय.

सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्येच या प्रश्नाचं मूळ नेमकं दाखवलं होतं. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या एका माहितीपटात मुंबईच्या वेश्यावस्तीतले काही क्षण होते आणि त्यावरून प्रकरण न्यायालयात गेलं. सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी पूर्वतपासणी वैध ठरवली, वयानुसार वर्गवारीही रास्त ठरवली. पण त्यांनी हेही सांगितलं की विषय कोणता आहे यापेक्षा तो कसा हाताळला आहे हे पाहायला हवं. या गोष्टीला पन्नासहून अधिक वर्षं झाली. आपण अजून सेकंद मोजतोय.

महाराष्ट्राला तर हा वाद त्याहूनही जुना आहे. र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक आरोग्यावरचं मासिक सुरू केलं. वाचक त्यांना पत्रं पाठवून विचारत आणि कर्वे छापील उत्तरं देत. तेच माझं खोकं, फक्त पोस्टाने भरणारं. त्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं. वादात होती ती हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं. लोकांच्या मनात शंका असतील आणि ते विचारत असतील, तर त्यांना उत्तर मिळायला नको का, ही बाजू बाबासाहेबांनी लढवली. ते हरले, कर्व्यांना दंड झाला. मासिक त्यांनी मरेपर्यंत, १९५३ पर्यंत चालवलं. मुंबईच्या कोर्टात १९३४ मध्ये जो विषय अश्लील ठरला, तोच ८९ वर्षांनी मुंबईतच बसणाऱ्या बोर्डाने सोळा वर्षांच्या मुलापासून झाकून ठेवला. मधल्या काळात आपल्या राज्याने २००७ मध्ये शाळांमधला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रमही थांबवून पाहिला. शाळा सांगणार नाही, घरी बोलायचं नाही, सिनेमाला जायचं नाही. मग विचारायचं कोणाला?

मोबाईलला. हा आक्षेप मला सगळ्यात जास्त ऐकावा लागतो: "बाई, त्यांच्या हातात मोबाईल आहे. बीपी बघून बसलीत ती. तुमच्या १६+ ने काय होणार?" खरं आहे, पाहिलेली असते. आमच्या वेळी 'बीपी' म्हणजे कोणाच्या तरी मोकळ्या घरात भाड्याने आणलेली ब्लू फिल्मची कॅसेट. आता ती दप्तराच्या कप्प्यात असते. ओटीटीवर २०२१ च्या नियमांनुसार १३+ पासून पुढे पालकांसाठी कुलूप आणि 'ए'साठी वय तपासणं सक्तीचं आहे. घरोघरी ते कुलूप कसं असतं हे आपण जाणतो, पासवर्ड मुलानेच टाकलेला असतो. पण याचा अर्थ सिनेमाच्या दारातली पाटी निरुपयोगी झाली असा होत नाही. उलट, पोर्नमध्ये जे अजिबात नसतं, म्हणजे माणसाचं मन, संकोच, नकार, दुसऱ्या दिवशीची सकाळ, ते दाखवू शकतो तो चांगला सिनेमाच. वाईटाची वाट मोकळी आहे म्हणून चांगल्याचीही मोकळी करा, एवढंच माझं म्हणणं आहे.

दुसरा आक्षेप वकील मंडळींचा. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्यात अठराच्या आतलं प्रत्येकजण बालक. सोळा-सतराच्या मुलांमधला परस्परसंमतीचा संबंधही गुन्हा. मग त्या वयाला प्रणय दाखवायचा कसा? मला यात विरोध दिसत नाही. खुनाचा सिनेमा आपण दाखवतो, खून करा असं सांगत नाही. आणि हा कायदा काय म्हणतो हेच बहुतेक मुलांना माहीत नसतं. प्रेमात पडून पळून गेलेल्या सतरा वर्षांच्या जोडप्यातला मुलगा बालसुधारगृहात जातो, हे एखाद्या १६+ सिनेमाने नीट दाखवलं तर माझ्या दहा तासांचं काम होईल.

'ए' मात्र मला अधिक कडक हवं. लैंगिक हिंसेचं रंगवून केलेलं चित्रण, बलात्कार हा नायकाच्या सूडाला निमित्त म्हणून वापरणं, हे सतराच्या मुलापुढे यायला नको आणि तिथे दारावर आधार कार्ड मागणाऱ्या त्या पोराच्या बाजूने मी उभी राहीन. आणि प्रमाणपत्रासोबत कारण लिहा. नुसतं १६+ लिहून आईला काय कळणार? प्रणय आहे म्हणून, की मारहाण आहे म्हणून, की आत्महत्या आहे म्हणून? तिकीट काढायच्या अ‍ॅपवर आणि तिकीटखिडकीवर एक ओळ मराठीत लिहायला फार खर्च येत नाही.

त्या मायलेकांची आई मला दिवाळीनंतर भाजी मंडईत भेटली. मेथीची जुडी निवडता निवडता मीच विचारलं, "मग तो सिनेमा पाहिलात का नंतर?" ऑक्टोबरमध्येच तो ओटीटीवर आला होता.

"त्याने पाहिला," त्या म्हणाल्या. "रात्री, मोबाईलवर, कानात वायर घालून. मी म्हटलं, अरे मला उठवायचं ना, सोबत पाहिला असता. तर म्हणाला, आई, तो मोठ्यांचा आहे, तुझ्यासमोर कसा बघू?"